औषध मेंदूत पोचतंय का, हे स्कॅन काढून कळेल?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. नागपुरात काटोल रोडला राहणाऱ्या एका ताईंच्या सव्वीस वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सात महिन्यांपासून रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम चालू आहे. झोप लागते, चिडचिड कमी झाली, पण कानात येणारे आवाज काही गेले नाहीत. डॉक्टर आता औषध बदलू म्हणताहेत. आईचं म्हणणं वेगळं: 'औषध डोक्यापर्यंत जाऊनच नाही राहिलं, तं बदलून काय होणार?' त्यात कोणीतरी सांगितलं की पेट स्कॅनमध्ये औषध मेंदूत पोचलेलं दिसतं. एका सेंटरने अठरा हजार रुपये सांगितले. काढू का, असा ताईंचा प्रश्न आहे.

नका काढू. मी न्यूक्लिअर मेडिसिनची डॉक्टर आहे, पेट स्कॅन वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तरी सांगते, नका काढू. पण आईंच्या शंकेला हसूही नका. 'औषध पोचतंय का' हाच प्रश्न विचारत जगभरच्या लोकांनी गेली चाळीस वर्षं मेंदूचे स्कॅन काढले आहेत, आणि मीही परदेशात काही वर्षं तेच केलं. त्यातून जे कळलं ते तुमच्या भावाच्या उपयोगाचं आहे. शिवाय तुमच्या प्रश्नात शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहून गेलात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. तिच्याकडे नंतर येते, कारण मधलं समजल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

पहिली गोष्ट, तुम्हाला सांगितलेला अठरा हजारांचा स्कॅन. तो एफडीजीचा स्कॅन असतो. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवलेली साखर. शरीरातला कोणता भाग किती साखर ओढतो ते त्यात दिसतं. कर्करोगाच्या गाठी भरपूर साखर ओढतात, म्हणून आमच्याकडे दिवसभर येतात ते मुख्यतः कर्करोगाचे पेशंट. मेंदूही साखरेवरच चालतो, तेव्हा तो स्कॅनमध्ये दिव्यासारखा उजळलेला दिसेल. पण त्या उजेडात रिस्पेरिडोन कुठेही दिसणार नाही. एमआरआयमध्येही नाही. फंक्शनल एमआरआय दाखवतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार. औषधाचा रेणू पकडायची ताकद त्यात नाही.

मग बातम्यांमध्ये 'औषध मेंदूत पोचल्याचं स्कॅनमध्ये दिसलं' असं छापतात ते काय असतं?

तुम्ही विदर्भ एक्सप्रेसच्या जनरल डब्यात चढलेले असाल तर हे समजायला दोन मिनिटं लागतील. आपल्या मेंदूत, विशेषतः स्ट्रायाटम नावाच्या खोलवरच्या भागात, डोपामिनचे डी-टू रिसेप्टर असतात. त्यांना डब्यातल्या जागा समजा. डोपामिन हा खरा प्रवासी: तो बसला की पुढचा संदेश जातो. रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल (याच आजारावरचं जुनं औषध) हे त्या जागेवर टाकलेले रुमाल. रुमाल स्वतः कुठे जात नाही, पण जागा अडवतो. आता फलाटावर उभं राहून डब्यात किती जागा अडल्यात हे मोजायचंय, आणि रुमाल तर बाहेरून दिसत नाहीत. मग करायचं काय? पिवळा शर्ट घातलेली मोजकी माणसं आत सोडायची आणि त्यातली किती बसली ते मोजायचं. रुमाल नसताना समजा दहा बसली आणि रुमाल टाकल्यावर तीनच बसली, तर सत्तर टक्के जागा अडलेल्या आहेत.

पिवळ्या शर्टाची माणसं म्हणजे ट्रेसर. डी-टू रिसेप्टरसाठी सगळ्यात जास्त वापरला गेलेला ट्रेसर रॅक्लोप्राइड, त्यात एक कार्बन अणू किरणोत्सारी कार्बन-११ चा बसवलेला असतो. तो शिरेतून द्यायचा, तोही मायक्रोग्रॅमच्या मापात, म्हणजे जागा मोजायला गेलेल्यांनीच जागा भरून टाकल्या असं होत नाही. कार्बन-११ मधून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा, निघतो, तो शेजारच्या इलेक्ट्रॉनला भिडतो, दोघंही नाहीसे होतात आणि बरोबर विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. डोक्याभोवतीच्या कड्यातले डिटेक्टर ते दोन्ही एकाच क्षणी टिपतात आणि त्यावरून जागा ठरते. लहान मेंदूत डी-टू रिसेप्टर जवळपास नसतातच. तो आमच्यासाठी लगेजचा डबा: तिथे बसायला जागाच नाही, त्यामुळे तिथे जेवढा ट्रेसर दिसेल तो नुसता येणारा-जाणारा. स्ट्रायाटममधल्या आकड्यातून तेवढा वजा करायचा.

लक्षात घ्या, या सगळ्यात औषध स्वतः एकदाही दिसलेलं नाही. दिसली ती ट्रेसरला न मिळालेली जागा. औषधाच्याच रेणूला किरणोत्सारी अणू लावून ते मेंदूत किती शिरतं हे पाहायचीही पद्धत आहे, आणि नवीन औषध तयार करताना ती वापरतात. पण त्यातून ते मेंदूत शिरलं एवढंच कळतं. नेमक्या जागेवर बसलं की चरबीत नुसतं मुरलं, हे कळत नाही. म्हणून बहुतेक कामाचे आकडे रुमालाच्या पद्धतीने आलेले आहेत.

जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिन रिसेप्टर अशा तऱ्हेने पहिल्यांदा दिसले १९८३ मध्ये, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. हेन्री वॅग्नर यांनी त्यासाठी स्वतःलाच स्कॅनरखाली घातलं होतं. पुढे स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्याने मानसोपचाराची भाषाच बदलली. रासायनिक दृष्ट्या वेगवेगळी अकरा औषधं नेहमीच्या डोसमध्ये घेणाऱ्या पेशंटचे स्कॅन त्यांनी काढले. औषधं निरनिराळी, मिलिग्रॅम निरनिराळे, पण अडलेल्या जागा साधारण ६५ ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यात. म्हणजे डॉक्टर वर्षानुवर्षं अनुभवाने जो डोस ठरवत होते, तो नकळत याच पट्ट्यात येऊन थांबत होता. मला हे अजूनही चकित करतं.

मग २००० साली टोरोंटोहून शितिज कपूर यांच्या गटाचा अभ्यास आला. कपूर दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले, म्हणून आम्हा विद्यार्थ्यांना त्यांचं जरा जास्तच कौतुक. पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ पेशंटना त्यांनी हॅलोपेरिडॉल दिलं, तेही रोज १ किंवा २.५ मिलिग्रॅम एवढंच. त्या काळच्या मानाने डोस अगदी बारीक. अडलेल्या जागा निघाल्या ३८ पासून ८७ टक्क्यांपर्यंत. ६५ टक्क्यांच्या वर गेलं की गुण येण्याची शक्यता वाढायची, ७२ च्या वर प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) वाढायचं, आणि ७८ च्या वर हातपाय ताठ होणं, थरथर, अस्वस्थ येरझाऱ्या सुरू व्हायच्या. गुण आणि त्रास यांच्यामधली खिडकी किती अरुंद आहे पाहा. आणि पहिला आकडाही सोडू नका. डोसमधला फरक जमेस धरला तरी अंतर मोठं आहे: एकाच्या ३८ टक्के जागा भरतात, दुसऱ्याच्या ८७. गोळी तीच असली तरी प्रत्येकाचं यकृत, पोट, वजन वेगळं.

इथे तुमच्या भावाच्या गोळीचे आकडे सांगते. रिस्पेरिडोनवर त्याच गटाने १९९५ मध्ये नऊ पेशंटचा छोटा अभ्यास केला होता. सरासरी अशी: २ मिलिग्रॅमला ६६ टक्के, ४ ला ७३, ६ ला ७९. डोस तिप्पट केला आणि जागा वाढल्या तेरा टक्के. भरत आलेल्या डब्याचा हा नियमच आहे. रक्तात औषध चार भाग असताना ८० टक्के जागा अडत असतील, तर ९० टक्क्यांवर जायला नऊ भाग लागतात. 'अजून एक गोळी वाढवा ना डॉक्टर' असं नातेवाईक म्हणतात आणि डॉक्टर नाही म्हणतात, त्यामागे हे गणित असतं. वरच्या टोकाला डोस वाढवला की जागा थोड्याच वाढतात, त्रास मात्र भरपूर वाढतो.

आता आईंच्या वाक्याकडे येते. औषध पोचत नाही म्हणून गुण येत नाही, असं नेहमीच असतं का? नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने ज्यांना गुण आला आणि ज्यांना आला नाही अशा दोन्ही प्रकारच्या पेशंटच्या अडलेल्या जागा मोजल्या. दोघांच्या सारख्याच निघाल्या. रुमाल टाकलेत, जागा अडल्यात, तरी आवाज चालूच. पुढे लंडनमध्ये दुसऱ्या एका ट्रेसरने, किरणोत्सारी डोपाने (डोपा म्हणजे डोपामिनचा कच्चा माल), मेंदू डोपामिन किती तयार करतो ते पाहिलं. औषधाला दाद देणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं, दाद न देणाऱ्यांमध्ये निरोगी माणसांसारखंच. म्हणजे काहींच्या आजाराचं मूळ बहुधा या डब्यात नाहीच, गाडीच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी आहे. अशा पेशंटना क्लोझापिन नावाचं औषध अनेकदा लागू पडतं, आणि गंमत म्हणजे क्लोझापिन डी-टूच्या जागा इतरांपेक्षा कमीच अडवतं, बरेचदा निम्म्याच्या आसपास. फार्डे यांचा ६५-८५ चा पट्टा एवढा सुंदर होता, पण क्लोझापिनचे आणखी पेशंट मोजले तेव्हा ते त्या पट्ट्यात काही बसलं नाही.

पोचणं आणि लागू पडणं यातलं अंतर मला सर्वात जास्त समजलं ते मात्र मानसोपचारातल्या औषधावरून नाही. आमच्याकडे स्कॅनला येणारे बरेच पेशंट केमोथेरपी घेत असतात, आणि उलट्या होऊ नयेत म्हणून त्यांना ॲप्रेपिटंट नावाची गोळी देतात. ती एनके-वन नावाच्या रिसेप्टरवर बसते. ही गोळी आधी नैराश्यासाठीही आजमावली गेली होती. कंपनीने पेट स्कॅन करून डोस ठरवला, एनके-वनच्या जवळपास सगळ्या जागा भरतील असा. मोठ्या चाचण्या झाल्या आणि नैराश्यात ती साध्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. स्कॅन नसता तर लोक म्हणाले असते, डोस कमी पडला असेल, मेंदूत गेलीच नसेल, अजून एक चाचणी करू. स्कॅनमुळे तो वाद तिथेच संपला: औषध पोचलं होतं, जागाही भरल्या होत्या, कल्पनाच चुकली होती. मला विचाराल तर या तंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. आठ-दहा-वीस माणसांचे स्कॅन काढायचे, डोस आणि जागा यांचा नकाशा एकदा बनवायचा, म्हणजे पुढच्या लाखो माणसांना स्कॅनरखाली झोपवावं लागत नाही. तुमच्या भावासाठी हा नकाशा तयार आहे.

न पोचण्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडतील. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यावर पंप असतात. आत शिरलेला परका रेणू ते पुन्हा रक्तात ढकलून देतात. उलटीवर डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइड दोन्ही देतात, दोन्ही डी-टू अडवतात. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही. मेटोक्लोप्रामाइड शिरतं, आणि म्हणून एखाद्या तरुण पोराची मान एका बाजूला वळून ताठ होते आणि घरचे घाबरून त्याला कॅज्युअल्टीत आणतात. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांच्या गटाने मेंदूतले हिस्टामिनचे रिसेप्टर मोजले; ते अडले की झोप येते. जुन्या क्लोरफेनिरामिनच्या नेहमीच्या डोसने निम्म्याच्या आसपास जागा अडल्या. सेटिरिझिन १० मिलिग्रॅमने साधारण १३ टक्के, २० ने २५. फेक्सोफेनाडिनचा आकडा शून्याच्या किंचित खाली. सर्दीची गोळी घेऊन वर्धा रोडला गाडी चालवताना डोळे मिटत असतील, तर कोणती गोळी घेतली ते पाहा.

शून्याच्या खाली कसा, असं वाटलं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. परदेशात काम करताना एका स्वयंसेवकाचा माझा आकडा उणे चार टक्के आला. म्हणजे औषध दिल्यावर जागा वाढल्या! दोन रात्री मी चूक शोधत बसले. माझ्या वरिष्ठांनी कॉफी पीत सांगितलं की चूक नाही, हा मोजणीचा खडबडीतपणा आहे. त्याच माणसाचा औषध न देता आठवड्याने पुन्हा स्कॅन काढला तरी आकडा पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतो. डोकं थोडं हललं, झोप लागली, त्या दिवशी मेंदूत डोपामिनच जास्त सुटलं, काहीही कारण असू शकतं. खरा प्रवासीही जागा अडवतोच ना.

आता समजा तुम्ही म्हणालात, अठरा हजारांचा नको, तो खरा रॅक्लोप्राइडचा स्कॅन करू. तर अडचण कार्बन-११ ची. त्याचं अर्धायुष्य २० मिनिटं. दर २० मिनिटांनी उरलेल्यातला निम्मा संपतो. सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रात, तो तयार झाल्यापासून रॅक्लोप्राइडला जोडणं, शुद्ध करणं, तपासणं आणि शिरेत टोचणं हे सगळं तासाच्या आत उरकायचं. आम्ही अक्षरशः पळायचो. एकदा पहाटे पाचपासून एक स्वयंसेवक उपाशीपोटी, डोक्यावर साच्याचा मुखवटा बसवून, टेबलावर पडून होता. तीनदा बॅच बिघडली. दुपारी एक वाजता त्याला घरी पाठवताना काय तोंड दाखवावं कळेना. तर सांगायचं म्हणजे, सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत किंवा शेजारी हवा. वर्ध्याहून नागपूरला यायला दीड तास धरला, तर निघताना जेवढा कार्बन-११ होता त्याचा विसावा हिस्सा इथे पोचेल. आमच्या सेंटरला येतो तो फ्लोरिन-१८, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. तोसुद्धा सहा तासांच्या प्रवासात दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणून विमान लेट झालं की आमचा सकाळचा पेशंट चिडतो. देशात पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आता बऱ्याच ठिकाणी आहेत, पण ते मुख्यतः एफडीजीच्या कामाला जुंपलेले आहेत, आणि ते रास्तही आहे.

पण उद्या नागपुरात सायक्लोट्रॉनसकट सगळं मिळालं, तरी मी तुमच्या भावाला झोपवणार नाही. कारण दुसरं आहे, आणि पैशांशी त्याचा संबंध नाही. टक्केवारी काढायला दोन स्कॅन लागतात, औषधाआधीचा आणि औषधानंतरचा. त्याचा आधीचा स्कॅन कुठे आहे? तो काढायला आता औषध काही आठवडे बंद करावं लागेल, आणि ज्याचा आजार अर्धवट ताब्यात आहे त्याचं औषध एका आकड्यासाठी बंद करणं हा शुद्ध आगाऊपणा होईल. फार्डे यांनीही आधीच्या स्कॅनऐवजी औषधाविना किती ट्रेसर बसला असता याचा अपेक्षित आकडा धरला होता. गटाच्या सरासरीला ते चालतं. एका माणसाबद्दल सांगताना त्यात चूक फार मोठी होते. आणि एवढं करून आला ७० टक्के, तर डॉक्टरांनी काय करायचं? त्यांना जे आज करायचंय तेच.

तर पोचतंय का, हे स्कॅनशिवाय कसं पाहायचं? मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. पण डोक्यात जो क्रम येतो तो सांगते. गोळी पोटात जाते का, हा पहिला प्रश्न. हातात गोळी दिली म्हणजे ती गिळली असं नाही. गालात ठेवून नंतर थुंकणारे पेशंट सगळ्यांनी पाहिलेत, आणि त्यात खोटेपणापेक्षा त्रास जास्त असतो: जीभ जड होते, अंग जखडतं, ते सांगता येत नाही. रागावून विचारलं तर 'घेतो ना' एवढंच उत्तर मिळेल. शंका असेल तर महिन्यातून किंवा पंधरा दिवसांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत. त्यात निदान हा प्रश्न मिटतो. पोटात गेलं तर रक्तात किती आहे, हे रक्ततपासणीने कळू शकतं. सगळ्या औषधांना आणि सगळ्या लॅबमध्ये ती सोय मिळेलच असं नाही, पण क्लोझापिनसाठी ती खरोखर कामाची आहे. तिथे ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हा आकडा डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवतात. रिस्पेरिडोन मेंदूत शिरतं हे ठाऊक आहे. म्हणून रक्तात पुरेसं असेल तर मेंदूत पुरेसं आहे असं धरायला हरकत नाही.

आणि आता ती शेवटून दुसरी ओळ. तुम्ही लिहिलंय, 'लहानपणापासून फिटची गोळीही चालू आहे, पण फिट आता येत नाही.' ताई, कोणती गोळी?

हे मी उगाच विचारत नाही. फिटच्या काही गोळ्या, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, यकृताला औषधं जास्त वेगाने मोडायची सवय लावतात. कार्बामाझेपिनबरोबर रिस्पेरिडोन घेतलं की रक्तातलं त्याचं काम करणारं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. तुमच्या भावाच्या बाबतीत हे खरं निघालं, तर तो ४ मिलिग्रॅम गिळतो आणि त्याच्या शरीराला २ च्या आसपास मिळतात. वरचे आकडे आठवा: २ मिलिग्रॅमला सरासरी ६६ टक्के, आणि गुण येण्याचा उंबरठा ६५. सरासरी ६६ म्हणजे काही माणसं त्याच्या वर, काही खाली. तो खालच्यात असेल, तर आई बरोबर म्हणत होत्या. औषध डोक्यापर्यंत पुरतं जाऊन नाही राहिलं. फक्त ते अडतंय मेंदूच्या दारात नाही, यकृतात.

फिटच्या सगळ्याच गोळ्या असं करत नाहीत. लेव्हेटिरासेटाम असेल तर ही शंका सोडून द्या. व्हॅल्प्रोएट असेल तरी हा मुद्दा फारसा लागू नाही. पण कार्बामाझेपिन असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते माहीत आहे का, हे आधी पाहा. बरेचदा फिटची गोळी वेगळ्या डॉक्टरांनी, वेगळ्या फाइलमध्ये, दहा वर्षांपूर्वी लिहिलेली असते आणि ती घरच्यांना 'औषध' वाटतच नाही, चहासारखी सवय होऊन जाते. त्यांनी पुढे क्लोझापिनचा विचार केला तर ही माहिती आणखी गरजेची ठरते. क्लोझापिनने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून त्यावर नियमित रक्ततपासणी करतात. कार्बामाझेपिनही तेच करू शकतं, त्यामुळे ही जोडी टाळतात. शिवाय क्लोझापिनने फिट येण्याची शक्यता वाढते.

एक कळकळीची विनंती. हे वाचून फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि रिस्पेरिडोनही स्वतःहून वाढवू नका. फिटची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, आणि कार्बामाझेपिन थांबवल्यावर यकृताची ती सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, मग रक्तात रिस्पेरिडोन वाढत जातं. ही अदलाबदल दोन्ही डॉक्टरांनी मिळून करायची असते.

जाता जाता बिडी-सिगारेटचं. तुम्ही लिहिलंय की तो दिवसातून चार वेळा पानठेल्यावर जातो. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत ओलांझापिन (याच आजारावरचं आणखी एक औषध) आणि क्लोझापिन लवकर मोडतं. रिस्पेरिडोनला हे फारसं लागू नाही, पण डॉक्टर औषध बदलणार आहेत म्हणून सांगून ठेवते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणजे तो खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असेल तर औषधाच्या मात्रेत फरक पडत नाही. तोंडाचं काय होतं ते आमच्या स्कॅनवर रोज दिसतं, तो विषय वेगळा. आणि उद्या त्याने सिगारेट एकदम सोडली, किंवा ॲडमिट असताना सुटली, तर उलट होतं: औषध अंगावर चढतं, तो दिवसभर झोपून राहतो. सोडायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगून सोडायची.

दुसरं मत घ्यायचं असेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत, त्यासाठी अठरा हजार लागत नाहीत. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे.

जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. फिटची, पित्ताची, सर्दीची, आयुर्वेदिक असेल तर तीसुद्धा, आणि रिकामी पाकिटंही. फिटच्या गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव असेल, ते नको. मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं. ते आज रात्रीच वाचा आणि इथे लिहा.